येसूवहिनीचा राखलेला कोंबडा

कोंबड्यांतलं जेवढं आमच्या करंजटेंभ्याला कळतं, तेवढं उभ्या कोकणात कुणाला कळत नाही. म्हणजे एका बाईला कळत होतं, आणि तिलाच आम्ही वाळीत टाकायला निघालो होतो.

फार जुनी गोष्ट. इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या आजीचंही तेव्हा बारसं झालं नव्हतं. गावाची रीत अशी, की कोंबडा जरा अंगानं भरला की तो जत्रेत वाघजाईला, नाहीतर जावई आला की त्याच्या ताटात. मागे उरायचे लंगडे, खुरटे, झोपाळू. त्यांचीच पिलावळ पुढे चालायची. होता होता कोंबड्या चिमणीएवढ्या झाल्या आणि अंडी सुपारीएवढी. असं म्हणतात, घार यायची, वरून बघायची आणि 'यात माझं काय भागणार' म्हणत निघून जायची. तरी गाव म्हणे, पाण्याचा दोष.

येसूवहिनीला ते पटेना. ती परसात बसून बघत राही. कुठली कोंबडी साप दिसला तरी अंड्यांवरून उठत नाही, कुठला कोंबडा दाणा सापडला की आधी कोंबड्यांना हाक मारतो. तिच्याकडे एक तांबडा तुरेवाला होता. साऱ्या गावात कोंबड्यासारखा कोंबडा तेवढाच उरलेला. त्याची पिल्लं निघायची होती, आणि तिचा सगळा जीव त्या पिल्लांत.

तेवढ्यात जत्रा आली. दाजी गुरवानं दारात उभं राहून बोट केलं. "वहिनी, आईला तो तांबडा."

"भावजी, तो गेला तर उद्या उकिरड्यावर आरवायला तुम्हालाच बसवावं लागेल. हा लंगडा न्या."

"आई कोपली तर?"

"तिलाच विचारू की."

देवळात गाव जमलं. ठरलं असं, की डावा कौल आला तर तांबडा कापायचा आणि येसूचं घर वाळीत. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली; ज्या बाजूचं आधी पडेल, तो आईचा कौल. येसू मूर्तीपुढे झाली. "आये, आज एकदाच मोठा हवा, की दरसाल मोठा हवा? दरसाल हवा असेल तर यंदा हा लंगडा गोड मानून घे." बोलणं संपायच्या आत उजवं फूल पडलं. असं म्हणतात, डावं अजून तसंच चिकटून आहे. चढून कुणी पाहिलेलं नाही.

मग येसू दरसाल निवडू लागली. चांगले राखायचे, बाकीचे हंडीत. चांगल्यांच्या पोटी आणखी चांगले. तिचे केस पिकले तोवर तिचे कोंबडे उभ्या उभ्या कुंपणावरून शेजाऱ्यांची चूल बघत. शेवटचा तर असा आरवे, की घार फांदीवरून पडे आणि आपल्याला उशीर झाला असं वाटून सूर्य धोतर सावरत उगवे. असं म्हणतात.

अजून जत्रेआधी घराघरातला सगळ्यांत देखणा कोंबडा येसूवहिनीच्या नावानं बांधलेल्या चौथऱ्यावर आणतात आणि पायात तांबडा दोरा बांधतात. दोरेवाल्याला सुरी लावायची नाही, मग आई मागो की जावई.

परवा गुरवांच्याच घरी नवा जावई आला. ताटातली बारकी तंगडी त्यानं उलटून पालटून पाहिली. "सासूबाई, अंगणात एवढा मोठा फिरतोय, आणि मला हा?"

सासू रस्सा वाढत म्हणाली, "त्याचं बघून झालंय, जावईबापू. तो राखायचा ठरलाय. तुमचं अजून बघतोय."