कोंबडीपाशी अडकलेला छकडा

"एका वर्षात बेचाळीस व्हिडिओ गेम काढले मी, बुवा. अख्ख्या पुण्यात दुसरा दाखवा की असा!"

एवढं बोलून इंद्रजित बागल छाती काढून बसला. ती छाती काही फार वेळ टिकली नाही. स्वतःच खाली बघत म्हणाला, "म्हणजे... रस्ता सगळ्यांत एकच आहे. वाहन तेवढं बदलतो. आधी बैलांचा छकडा होता, मग रिक्षा, मग अँब्युलन्स."

"तरीच," भिकाबुवा म्हणाले. "अँब्युलन्सला घुंगरं वाजतात."

"ती काढायची राहिली."

"राहू देत रे. पेशंटला बरं वाटत असेल."

टेकडीवरच्या त्या मठात देव एक आणि टीव्ही एक. कुणा भक्ताने टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र आणून दिलेलं. बुवा देवापुढे जेवढे बसत, तेवढेच टीव्हीपुढे. थोडे जास्तच बसत, पण देवाला जाऊन सांगतो कोण?

इंद्रजित पायऱ्या चढून धापा टाकत आला होता तो एका शेऱ्यापायी. त्याच्या छकड्याच्या गेमला लोकांनी शिव्यांशिवाय काही दिलं नव्हतं. बैलांचे पाय जमिनीला लागत नाहीत, छकडा झाडातून आरपार जातो, आणि चौथ्या वळणावर कोंबडी दिसली की गेम जागच्या जागी अडकतो. गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने तंबी दिली होती : आज संध्याकाळपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर आम्ही गेमच काढून टाकू.

त्या शिव्यांच्या ढिगात पाच चांदण्या देणारा एकच शेरा होता. 'कोंबडी छान. भिकाबुवा, मठ.'

"दुरुस्ती सोपी आहे," लॅपटॉप उघडत इंद्रजित म्हणाला. "कोंबडी काढली की झालं. हे बटण दाबलं की सगळ्यांच्या टीव्हीवरून जाईल. तुमच्याही. म्हटलं, आधी येऊन सांगावं."

बुवांनी रिमोट उचलला आणि छकडा हाकला.

पहिलं वळण... दुसरं... तिसरं...

चौथ्या वळणावर एक तांबडी कोंबडी मान वाकडी करून त्यांच्याकडे बघायला लागली. आणि सगळं थिजलं. बैल, धूळ, आभाळ, सगळं.

बुवांनी रिमोट खाली ठेवला. डब्यातली मूठभर ज्वारी घेतली आणि चिमूटभर टीव्हीपुढे टाकली.

"अहो बुवा, ती खाणार आहे का?"

"ती नाही खात. चिमण्या खातात."

खरंच एक चिमणी आली, दोन दाणे टिपून गेली.

"ही कुणाची रे?" बुवांनी पडद्याकडे हनुवटी केली.

"कुणाची म्हणजे..." इंद्रजितने वर्षभरात पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. स्वतःचा गेम चौथ्या वळणापर्यंत खेळायला त्याला तरी कुठे सवड होती? "बाकी सगळं आयतं विकत आणलंय, बुवा. बैल, झाडं, आभाळसुद्धा. ही तेवढी मी केली. आईची होती, परसातली. मान अश्शीच करायची. एकेक पीस वेगळं काढलंय. अठरा दिवस लागले. तेवढा भार यंत्राला पेलत नाही, म्हणून अडकतंय."

"हं..."

"काढायलाच हवी."

"काढ की मग."

बोट बटणावर गेलं, पण टेकेना.

"ती गेली ना, बुवा, की छकडा सुसाट पळेल बघा. कुठं अडणार नाही. थेट शेवटपर्यंत!"

"शेवटी काय आहे?"

खाली पायऱ्यांवर कुणीतरी खोकलं...

"शेवटी... पुन्हा पहिलंच वळण लागतं."

बुवांनी त्याचा बटणावरचा हात उचलला, उलटा केला आणि मुठीतले उरलेले दाणे त्याच्या तळहातावर ठेवले.

"मग लेका, घाई कुणाला आहे?"