धुरपाची काहील

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या गावात घडली त्याचं नाव आता कुणाला आठवत नाही. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान देऊन ऐकावी.

त्या गावात उसाचा गूळ करणारा एक गुळव्या होता. काहिलीतला उकळता रस कधी उतरवायचा, हे तोच सांगायचा. त्याच्या शब्दाशिवाय काहिलीला कुणी हात लावायचा नाही, असा रिवाज होता. आणखी एक रिवाज होता. गुळाचा पहिला खडा ऊसवाल्यानं गुळव्याच्या हातावर ठेवायचा. त्यानं चाखून 'गोड आहे' म्हटलं, की मग घरच्यांनी खायचा.

गुळव्याला सोंगट्यांचा भारी नाद. त्यात वाईट काही नाही. दिवसभर धगीपुढं बसणाऱ्यानं घटकाभर खेळू नये की काय? पण या बाबाचा पट चिंचेखाली कायम मांडलेलाच.

एकदा धुरपा नावाच्या विधवेचा ऊस आला. वर्षाचा सगळा ऊस मिळून एकच काहील. त्या गुळावर तिनं लेकीचं लग्न धरलं होतं. रस उकळायला लागला. "अजून वेळ आहे," म्हणत गुळव्या पटावर जाऊन बसला.

थोड्या वेळानं जाळ घालणाऱ्यानं हाक मारली, "दादा, पाक तांबूस झाला."

"आलोच. एवढा डाव होऊ दे."

पुन्हा हाक आली. पण सोंगटी घरात शिरायच्या बेतात होती, मग कसला उठतोय. करपल्याचा वास आला तेव्हा तो धावला. काहिलीत सगळं काळं झालं होतं.

धुरपानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गार झालेला काळा खडा तिनं उचलला आणि रिवाजाप्रमाणं त्याच्या हातावर ठेवला. सगळं गुऱ्हाळ बघत होतं. गुळव्यानं तो तोंडात घातला. त्याला 'गोड आहे' म्हणवेना आणि थुंकवेना.

"कडू आहे, धुरपाबाई," तो खाली मान घालून म्हणाला. "माझ्यामुळं कडू आहे."

लग्न पुढच्या वर्षावर गेलं. लेक रोज घागर घेऊन गुऱ्हाळावरून जायची, तेव्हा गुळव्या लाजेनं धुराआड उभा राहायचा. त्यानं पट चुलीत घातला. हसणं-बोलणं टाकलं. आता तो धास्तीनं काहील कच्चीच उतरवायचा. गूळ चिकट राहायचा, ढेप बसायचीच नाही.

वर्षानं धुरपा पुन्हा ऊस घेऊन आली.

"दुसरीकडं न्या, बाई," गुळव्या म्हणाला. "मला तोंड दाखवायला जागा नाही."

तिनं जुन्या लुगड्याचा शिवलेला नवा पट काढला. "पटानं माझा गूळ जाळला नाही, बाबा. हाक आली आणि तू उठला नाहीस, म्हणून जळला. काहील उतरली की खुशाल खेळ. तोवर हा माझ्यापाशी राहील."

त्या दिवशी तो काहिलीपासून हलला नाही, आणि त्यानं घाईही केली नाही. पहिला खडा हातावर आला.

"गोड आहे," तो म्हणाला.

लेक समोरच उभी होती. पण तिच्याकडं बघायला त्याची मान वर होईना. तिचं गेलेलं वर्ष त्याला काही परत देता येणार नव्हतं.

तर मंडळी, सांगणं एवढंच: खेळावं जरूर, पण कामाची हाक आली की डाव अर्धा टाकून उठावं.