बोंबलरावांचा कान

"सूर्य मावळायच्या आत पुरलेलं सोनं हजर कर! नाहीतर घर पायापर्यंत खणून काढू!"

राजे चंडसेन पालखीतून ओरडले, पण तोंड जेमतेम उघडून. ते नेहमी असेच मिशांच्या आडून बोलत आणि हसत तर कधीच नसत.

समोर भिवरा झारेकरीण उभी होती. सोनारांच्या दुकानांपुढची धूळ झाडून न्यायची, पाण्यात धुवायची आणि महिन्याकाठी मोहरीएवढं सोनं काढायचं, हा तिचा धंदा. सासूने स्वतः माती तुडवून बांधलेल्या दोन खोल्या, एवढीच तिची इस्टेट.

"महाराज, सोनं पुरलेलं असतं तर मी लोकांची धूळ कशाला चाळत बसले असते?"

"ते आम्हाला सांगू नकोस! बोंबलरावांनी सांगितलंय!"

बोंबलराव म्हणजे एक काठी. तीन हत्ती देऊन राजांनी ती एका परदेशी व्यापाऱ्याकडून घेतली होती. खाली परातीएवढं कडं, वर मूठ आणि मुठीला एक खुंटी. धातू जवळ आला की काठी बोंब मारायची. राजे इतके खूश झाले की त्यांनी तिला दरबारी सरदार केलं, मुठीवर जरीचा फेटा बांधला आणि बसायला गादी दिली! व्यापारी जाता जाता खुंटीकडे बोट दाखवून म्हणाला, "नव्या मुलखात हिचा कान पिळावा लागतो बरं का."

"आमच्या सरदाराचा कान? हात तोडीन!" राजे गरजले. व्यापारी हत्ती घेऊन पळाला, आणि खुंटी फेट्याखाली गेली ती गेलीच.

लालकोटच्या तांबड्या मातीवर बोंबलराव जिथेतिथे बोंबलू लागले. राजांनी ताडलं, अख्ख्या प्रजेने सोनं पुरलंय! भाजीबाजार खणला, तालीम खणली, दिवाणजींच्या सासूबाईंची चूलही खणली. निघालं काय, तर एक गंजकं उलथनं. राजे म्हणाले, "पाहिलंत? लबाडांनी आणखी खोल पुरलंय!"

भिवराने पदर खोचला. "महाराज, बोंबलराव खोटं बोलत नाहीत ना?"

"कधीच नाही!"

"मग त्यांची साक्ष भर दरबारात होऊ द्या."

दरबार भरला. बोंबलराव पालखीतून उतरले. भिवराने हात जोडले. "सरदारसाहेबांनी आधी सिंहासनाचा चौथरा बघावा. तो आमच्याच गल्लीतल्या मातीचा आहे."

दिवाणजींनी काठी चौथऱ्यावर धरली.

"कुंईऽऽऽ!"

राजे ताडकन उठले. "आम्ही इथे काहीही पुरलेलं नाही!"

"सगळे गावकरी हेच म्हणाले होते, महाराज. कुदळी मागवू?"

राजांना घाम फुटला. सिंहासन खणायचं की सरदार खोटा ठरवायचा? "मग... मग हे बोंबलतात कशाला?"

भिवराने कमरेची दोरी सोडली. दोरीला लोहचुंबक होता. सोनाराच्या धुळीतला लोखंडाचा कीस ती त्यानेच उचलायची. चौथऱ्याची चिमूटभर माती कुस्करून तिने चुंबक फिरवला. त्याला काळी दाढी फुटली!

"हे बघा, आपल्या मातीच्या कणाकणात लोखंड आहे. बिचारे बोंबलराव खरंच बोलतात, पण त्यांना गप्प कुठे बसायचं ते कुणी शिकवलंच नाही. व्यापारी कान पिळायला सांगून गेला होता, ते गावभर ठाऊक आहे. एकतारी नव्या हवेत नेली की खुंटी पिळतोच ना आपण? फेटा काढू का?"

दरबार हबकला. सरदाराचा फेटा काढायचा! दिवाणजींनी डोळे मिटून घेतले. राजांनी कुदळींकडे पाहिलं, सिंहासनाकडे पाहिलं आणि मान हलवली.

भिवराने कडं चौथऱ्यावर धरलं आणि खुंटी हळूहळू पिळली. "कुंईऽऽ... कुंई... कुं..." बोंबलराव गप्प! तिने जमिनीवर स्वतःची पितळी वाटी ठेवली. "कुंई!" वाटी उचलली. गप्प.

मग ती दरबारभर फिरली. जमीन गप्प, भिंती गप्प. शेवटी कडं राजांच्या मिशांपाशी आलं.

"कुंईऽऽऽ!"

"बंद कर ते!" राजे ओरडले, आणि पहिल्यांदाच त्यांचं तोंड सताड उघडलं. आत डाव्या अंगाला सोन्याचा दात लखलखला! पडलेल्या दाताच्या जागी गुपचूप बसवलेला, राणीसाहेबांपासूनही लपवलेला!

भिवराने वाकून मुजरा केला. "महाराज, लपवलेलं सोनं सापडलं! सूर्य मावळायच्या आत हजर करताय, की खणून काढू?"

राजांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं आणि ते खो खो हसत सुटले! राजे हसले की दात चमके, दात चमकला की बोंबलराव बोंबलत, आणि ते ऐकून राजे आणखीच हसत.

कसंबसं हसू आवरून राजांनी हुकूम सोडला. गावातले सगळे खड्डे दिवाणजींनी बुजवायचे, पहिला मान सासूबाईंच्या चुलीचा. आणि बोंबलरावांचा जरीचा फेटा, गादी व पालखी आजपासून भिवरा झारेकरणीची!

"आणि सरदारांचा कान?" दिवाणजींनी भीत भीत विचारलं.

"तोही तिच्याच हातात!" राजे म्हणाले, आणि पुन्हा हसले.

"कुंईऽऽऽ!"