सारवलेली कोठी

"आत मुंगी तरी शिरली असेल का, तुम्हीच सांगा बुवा?"

हैबतीने बंद दाराकडे हात केला आणि मिशीवरून बोट फिरवलं. मार्तंडबुवा शेजारच्या गावाहून नुकतेच परतले होते. पायांवरची धूळसुद्धा अजून धुतली नव्हती.

टेकडीवरच्या खंडोबाच्या मठात रात्री चोरी झाली होती. कोठीच्या खोलीत ठेवलेला देवाचा चांदीचा मुखवटा गेला होता. एवढं झालं, पण हैबतीच्या चेहऱ्यावर दुःख शोधून सापडलं नसतं. बुवांचा शिष्य होण्याआधी तो संस्थानच्या खजिन्यावर पहारेकरी होता. मठात आल्यापासून ती विद्या नुसती गंजत पडली होती. आज तिचा दिवस आला होता.

"कुलूप बघा. त्यावर दोर, दोरावर लाखेची मोहर. खिडकीला आडवी फळी ठोकली. पुढे एक गडी, मागे एक. पहाटेपासून आत वारा गेलेला नाही, बुवा."

"छान."

तेवढ्या एका शब्दाने हैबतीची छाती फुगली.

"आणि याला का बांधलंय?"

ओसरीच्या खांबाला रसूल बांधलेला होता. मठाच्या भांड्यांना कल्हई करायला आलेला माणूस. परका होता, रात्री ओसरीवर झोपला होता, चोर ठरायला एवढं पुरे झालं. पाटलाची माणसं पायरीवर खोळंबली होती. बुवांनी मान हलवली की ती त्याला चावडीवर नेणार होती आणि चावडीवरून माणूस धड परत येत नसे.

"बुवा, मी गयावया करनार नाय," रसूल म्हणाला. "माझं काम बघा. तुमच्या हंड्यात तोंड दिसतंय. असलं काम करनारा मानूस चोरी करत नसतो."

"सगळे चोर असंच बोलतात," हैबती म्हणाला.

रसूलने त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याने डावा पाय पुढे केला.

"ह्या पायाला अंगठा नाय. लहानपनी भट्टीत गेला. भांड्यात उभा ऱ्हाऊन पायानं घासतो, साऱ्या गावानं बघितलंय. आत चोराचं पाऊल असंलच की. ते बघा. माझं निघालं तर खुशाल न्या मला."

"उघड," बुवा म्हणाले.

हैबती या घडीचीच वाट बघत होता. त्याने मोहर सगळ्यांना दाखवून मग फोडली. दोर सोडला. दार आत ढकललं आणि बाजूला उभा राहिला.

जमीन गुळगुळीत, ओलसर, नुकती सारवलेली. तिच्यावर बोटाचासुद्धा ठसा नव्हता.

बुवा उंबऱ्यावरच थांबले.

"हे कोणी सारवलं?"

"मीच! दुसऱ्या कुणाला आत सोडतोय मी?" हैबती म्हणाला. "अंधारात चोराच्या धक्क्याने भंडाऱ्याची परात उपडी झाली होती. मेल्याने देवाची हळद तुडवली, बुवा. खोलीभर पिवळी पावलं! देवाचा भंडारा पायदळी तसाच ठेवायचा? उपरण्यात कण न् कण गोळा केला, नदीत सोडला. मग सारवलं, तेही मागे मागे सरत. माझंसुद्धा पाऊल उमटू दिलं नाही. आणि मगच कुलूप घातलं."

"कशी होती ती पावलं?"

"कशी म्हणजे?"

"अंगठा होता?"

हैबती उपरण्याचं पिवळं टोक झटकू लागला.

"हैबती."

"डोळ्यांत पाणी होतं, बुवा. पावलं कोण बघतो अशा वेळी?"

खांबापाशी रसूलने पाय हळूच मागे घेतला. आता तो पाय कुणाला दाखवून काही उपयोग नव्हता. हैबतीचं लक्ष नेमकं तिकडे गेलं. पण इतक्या वर्षांचा ताठा, तो काय लगेच वाकतो?

"बुवा, पहाऱ्यात चूक काढून दाखवा! मी खोली राखली. आत कुणाला येऊ दिलं नाही."

"राखलीस... खरं आहे."

बुवा वळले. ओसरीवर आले, रसूलच्या शेजारी खांबाला टेकून बसले आणि दोन्ही हात पुढे केले.

"बांध."

हैबती हबकला. पाटलाची माणसं उठून उभी राहिली.

"बुवा, हे काय भलतंच! तुम्हाला कशाला? तुमचं पाऊल कुठे आहे आत?"

"याचं आहे?"

"... नाही."

"चोराचं?"

हैबतीने मान वळवली. समोर उघड्या दारातून ती स्वच्छ जमीन दिसत होती. पहाटे तिच्यावरून शेवटचा हात फिरवताना त्याला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता! आता तिकडे बघवत नव्हतं.

बुवांचे हात पुढेच होते.

मग हैबती गुडघ्यांवर बसला. बुवांच्या हातांना त्याने स्पर्शही केला नाही, रसूलच्या मनगटाची गाठ सोडायला घेतली. गाठ खजिन्यावरच्या पहारेकऱ्याने मारलेली, सहजी सुटेना. शेवटी दातांनी सोडवली.

पाटलाची माणसं कुरकुरत पायऱ्या उतरली. "आमच्या लेखी चोर तोच," त्यांतला एक जाता जाता म्हणाला. ते रसूलनेही ऐकलं. त्याने कल्हईचा भाता उचलला, खांद्याला लावला आणि दुसऱ्या वाटेने टेकडी उतरू लागला. या गावात त्याला यापुढे कुणी हंडा देणार नव्हतं.

"सोडला मी त्याला, बुवा," हैबती म्हणाला. "पण मुखवटा? तो तर गेलाच ना?"

बुवा उतरत जाणाऱ्या रसूलकडे पाहत होते.

"मुखवटा सोनार पुन्हा घडवील... या माणसाचं पाऊल आत नव्हतं, ही पुसलेली साक्ष कोण घडवून देणार?"