तहाचा पाहुणा

डोंगराच्या मध्यावर, मठी बांधून, एकेकाळी एक वृद्ध आचार्य राहत असत. वर पठारावर माथेकऱ्यांची वस्ती होती, खाली नदीच्या काठाने काठकऱ्यांची. दोघांचे देव वेगळे, बोली वेगळी, पागोटे बांधण्याची रीत वेगळी. एकमेकांविषयीचे मत मात्र तंतोतंत एकच होते. 'त्या लोकांवर भरवसा ठेवू नये, दगा त्यांच्या रक्तातच आहे,' असे वर म्हणत आणि खालीही म्हणत. भांडण कशावरून लागले असे विचारले, तर दोन्हीकडे उत्तर तयार असे, आणि दुर्दैव असे की दोन्ही उत्तरे खरी होती. घरे दोन्हीकडे जळाली होती आणि माणसेही दोन्हीकडे मेली होती.

आचार्य जन्माने कोणत्या बाजूचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. माथेकरी त्यांना मनातून काठकरी समजत आणि काठकरी माथेकरी समजत. तरीही निवाड्याला दोघे त्यांच्याकडेच येत, कारण जायला दुसरी जागा नव्हती.

अखेर माणसे पुरून पुरून दोन्ही वस्त्या थकल्या आणि तह झाला. पण तह टिकावा कसा? विश्वास नव्हताच, तेव्हा तो अविश्वासावरच उभारण्यात आला. माथेकऱ्यांच्या नाईकाने आपल्या घरचा एक माणूस काठकऱ्यांकडे राहायला पाठवायचा आणि काठकऱ्यांच्या नाईकाने आपल्या घरचा माथेकऱ्यांकडे. अशा माणसाला 'पाहुणा' म्हणत. पाहुण्याला पोटभर जेवण, पांघरायला घोंगडी आणि दाराला बाहेरून कुलूप. जी बाजू तह मोडेल तिने पाठवलेला पाहुणा त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी, मारायचा असे ठरले होते. आपल्याला ही शांततेची तऱ्हा रानटी वाटेल. वाटू द्या. पण असल्याच भीतीवर उभी असलेली शांतता आपणही आपल्या गल्लीत रोज नांदवतो आणि तिला शेजारधर्म म्हणतो, हेही विसरू नये.

जिवाजी हा आचार्यांचा शिष्य, जन्माने माथेकरी. काठकऱ्यांकडून आलेला भोजू नावाचा पाहुणा माथेकऱ्यांनी मठीमागच्या खोलीत ठेवला होता आणि त्या खोलीची किल्ली जिवाजीच्या कमरेला असे. हे काम माथेकऱ्यांच्या नाईकाने त्याच्याकडे मुद्दाम दिले होते. तिकडे खाली पाहुणा म्हणून गेलेला सुभान हा जिवाजीचा सख्खा धाकटा भाऊ होता. भोजू सलामत तर सुभान सलामत. असा राखणदार किल्लीशी हलगर्जीपणा करील कसा?

आता तुम्ही म्हणाल, पाहुणा तर नाईकाच्या घरचा हवा. हवा खरा. पण माथेकऱ्यांच्या नाईकाला आपला मुलगा पाठवण्याचा धीर झाला नाही. त्याने मुलाला घरातच लपवले, गुपचूप सुभानला बोलावले, खांद्यावर भरजरी शेला टाकला, कानात भिकबाळी घातली, आणि झाला सुभान नाईकाचा मुलगा! तो पहाटेच खाली रवाना झाला. वस्तीलाही पत्ता नव्हता. सुभान दूरच्या बाजाराला गेला, असे सगळ्यांना सांगण्यात आले. जिवाजीची आई विधवा, ती कोणापुढे बोलणार? आणि जिवाजीही गप्प बसला. फसवायचे काठकऱ्यांना होते, त्यात कसले पाप?

पण त्या दिवसापासून जिवाजीच्या डोक्यात किडा वळवळू लागला. आपण फसवले, तर त्यांनी का फसवले नसेल? भोजू काठकऱ्यांच्या नाईकाचा भाऊ म्हणवत होता. पण जेवण झाले की तो आपले ताट आपणच घासून पालथे घालून ठेवी. नाईकाच्या घरचा माणूस ताट घासतो? त्याच्या तळहातांवर दोरीचे जुने घट्टे होते. म्हणजे हाही कुणी गरीबच असणार. तसे असेल तर दोन्ही नाईकांचे काहीच पणाला लागलेले नाही. उद्या कोणालाही लहर आली की तह मोडणार, आणि मरणार तो सुभान. हे कुणाला सांगावे, तर तह आजच मोडेल. न सांगावे, तर केव्हा मोडेल त्याचा नेम नाही. भोजू गुणगुणू लागला की जिवाजीला ती खूण वाटे. तो गप्प बसला की वाटे, काहीतरी शिजते आहे. आचार्य खिडकीशी उभे राहून भोजूशी त्याच्याच बोलीत बोलत, हसत, तेव्हा तर जिवाजी दाराआड उभा राहून कान देई. बाबांना ती बोली इतकी साफ कशी येते?

आणि एके सकाळी पठारावर धूर दिसला. थोड्या वेळाने एक माणूस धापा टाकत मठीत आला. माथेकऱ्यांच्या गवताच्या गंज्या पेटल्या होत्या. 'काठकऱ्यांचंच काम! नाईक माणसं गोळा करतायत. पाहुण्याला तयार ठेवा,' असे सांगून तो आल्या पावली परतला.

जिवाजीचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला. भोजू मेला की ती बातमी नदीवर पोचायला कितीसा वेळ लागणार? मग तिकडे सुभानच्या खोलीचे दार उघडणार. जिवाजी आचार्यांकडे धावला.

आचार्यांनी सुभानच्या गुपितासकट सगळे ऐकून घेतले आणि हात पुढे केला. "किल्ली दे."

जिवाजीने किल्ली दिली. आचार्य मठीमागे गेले, त्यांनी कुलूप काढले आणि दार सताड उघडले.

"भोजू, वर गंज्या पेटल्यात. नाव तुझ्या लोकांचं आलंय. वाट मोकळी आहे, घरी जा."

भोजू जागचा हलला नाही. त्याने एकदा आचार्यांकडे पाहिले, एकदा जिवाजीकडे. "आन् भाईर पाऊल टाकलं की पळाला म्हनून पाठीत कुऱ्हाड घालायची, असंच ना?"

"मग मी तुझ्या पाठीशी चालतो. कुऱ्हाड आलीच तर आधी मला लागेल."

आणि खरोखरच ते म्हातारे गृहस्थ त्याच्या मागोमाग वळणापर्यंत चालत गेले. वळणावरून भोजू धूम पळाला. आचार्य काठी टेकत सावकाश परत आले, तोवर जिवाजीचा संताप अनावर झाला होता. इतकी वर्षे ज्या पायांवर डोके ठेवले, त्या माणसापुढे तो ताठ उभा राहिला.

"तुम्ही काठकरीच! मला आधीपासून वाटत होतं."

"असेन," आचार्य ओट्यावर बसत म्हणाले.

"माझ्या भावाचा जीव त्या कुलपात होता, बाबा! आता त्याला वाचवायला काय उरलं?"

"कुलपात फक्त भोजू होता. बैस."

जिवाजी बसला नाही. आचार्य म्हणाले, "जिवाजी, गंज्या पेटल्या ही झालेली गोष्ट आहे. भोजू मरणार, ही झालेली नाही. मग सुभान मरणार, मग दोन्ही वस्त्या पेटणार, यातलं काहीच अजून झालेलं नाही. पण तो धावत आलेला माणूस आणि तू, दोघंही हे सगळं एका दमात बोललात. जणू गंजी पेटली त्याच क्षणी बाकीचंही घडून गेलं. याला तुम्ही नशीब म्हणता, रक्त म्हणता. अरे, यातल्या एकेका गोष्टीला कुणाचा तरी हात लागावा लागतो. माझा हात लागायचा होता तिथं मी तो आवरला. एवढंच केलं."

"आणि ते आवरतील?"

"माहीत नाही."

"माहीत नाही?"

"ते चांगले आहेत असं मी कुठं म्हणतोय? त्यांना आवरता येईल, एवढंच म्हणतोय. ते करतील की नाही हे मला आधीच ठाऊक असतं, तर त्यांची ती निवड कसली?"

"सुभान तुमचा भाऊ असता तर दार उघडलं असतंत?"

"कदाचित धीर झाला नसता," आचार्य म्हणाले. "तुझ्या भावाचा जीव तुला न विचारता पणाला लावला, तो दोष माझ्या माथी आहे. पण भोजूलाही आई आहे, आणि ती तर कुणाच्याच हिशेबात नव्हती."

दुपार कलण्याच्या सुमारास नाईक आला. बरोबर माणसे, खांद्यावर कुऱ्हाडी. रिकामी खोली पाहून तो पेटलाच.

"पाहुणा कुठाय?"

"घरी गेला," आचार्य म्हणाले.

"या म्हाताऱ्याची जात आज कळली! बसा रे सगळे इथंच. मागची माणसं येऊ द्या, मग एकदमच खाली उतरू." मग आवाज खाली आणून तो जिवाजीच्या कानाशी म्हणाला, "तुझा भाऊ तुझ्या गुरूनं मारला. माझ्या नावानं रडू नकोस."

सगळे वाटेकडे तोंड करून बसले. झाडीत पाखरू हलले तरी हात कुऱ्हाडीकडे जात होते. आणि मग वळणावर माणूस दिसला. एकटा. भोजू.

माणसे ताडकन उठली. भोजूने दोन्ही हात वर धरले होते. तो चढण चढून आला, आचार्यांपुढे उभा राहिला आणि धाप आवरीत म्हणाला, "बाबा, न्हाई जमलं. आमच्या नाईकाला सांगितलं, वरच्यांनी मला सोडलं, आता तुमीबी त्यांचं पोर सोडा. तर म्हनतो, यात कायतरी डाव हाय, हातचा पाहुना घालवायचा न्हाई."

"मग तू परत का आलास?"

"घरी गेलो. बायकोनं पुढ्यात भाकरी ठेवली. पन त्या तिकडं त्ये पोर कोंडलेलं. घास घशाखाली उतरंना. म्हनलं, त्याला सोडत न्हाईत तर मीबी माघारी जातो."

"गंज्या कुणी पेटवल्या?" नाईक ओरडला.

"ठावं न्हाई. आमच्यातल्याच कुनी पेटवल्या असतील. मी हितं कोंडलेलो, न्हाई कसं म्हनू?"

एवढे बोलून तो खोलीत गेला आणि आपल्या घोंगडीवर जाऊन बसला. दार उघडेच होते.

"आयता आला! ओढा बाहेर," नाईक म्हणाला.

जिवाजी दारापाशी होता. खरे सांगायचे तर त्या क्षणीही त्याला भोजूची शंकाच येत होती. आपली माणसे किती, हत्यारे किती, हे पाहायला तर याला पाठवले नसेल? मागून झाडीतून काठकरी येत नसतील? तो संशय त्याच्या मनातून तसूभरही हलला नाही. पण समोर माणूस आपल्या पायांनी येऊन बसला होता, तेही तितकेच खरे होते. जिवाजी उंबरठ्यावर आडवा उभा राहिला.

"नाईक, याला मारायचं असेल तर आधी तुमच्या मुलाला खाली पाठवा."

"माझा पोरगा खालीच आहे!"

"खाली माझा भाऊ आहे. तुमचा शेला पांघरून बसलाय. तुमचा मुलगा तुमच्याच माळ्यावर लपलाय, आणि मीही आजवर गप्प बसलो."

माणसे नाईकाकडे पाहू लागली. नाईकाने मान वळवली. प्रत्येक बापाच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट आली असावी: पुढच्या खेपेला तो शेला कोणाच्या पोराच्या खांद्यावर पडणार? तेवढ्यात आतून भोजूचा आवाज आला, "मीबी नाईकाचा भाऊ न्हाई बरं का. जाळं टाकतो मी नदीत."

कोणीतरी नको असताना हसले. एका म्हाताऱ्याने कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली आणि तो खाली बसला. मग बाकीचेही बसले. नाईक 'अरे, पण तहाचा करार...' असे काही म्हणत राहिला, पण उठायला कोणी तयार होईना.

जिवाजी भोजूला घेऊन खाली निघाला. हातात काठीसुद्धा घेतली नाही. आचार्य वळणापर्यंतही सोबतीला आले नाहीत. नदीवर काठकऱ्यांचा घोळका उभा होता. त्यांच्या नाईकाने जिवाजीला खालीवर न्याहाळले.

"कुनाच्या भरवशावर आलास रं?"

"कुणाच्याच नाही. भावाला न्यायला आलोय."

नाईक काही केल्या मानेना. तेव्हा भोजूने वर जे सांगितले होते ते इथेही सगळ्यांसमोर सांगितले. आपण नाईकाचा भाऊ नाही आणि आत बसलेलाही कोणा नाईकाचा मुलगा नाही, हे ऐकून घोळक्यात कुजबुज सुरू झाली. पुरुष एकमेकांकडे पाहत राहिले. भोजूची म्हातारी आई मात्र पुढे झाली आणि तिने नाईकापुढे हात पसरला. तो हात ती मागे घेईना. शेवटी नाईकाने किल्ली तिच्या हातावर आपटली.

सुभान वाळला होता, दाढी वाढली होती, पण धड होता. दोघे भाऊ चढणीला लागले. सकाळी होता तेवढाच संशय जिवाजीच्या मनात अजूनही होता. फक्त आता त्या संशयाला विचारून तो पाऊल टाकत नव्हता.

अर्ध्या वाटेवर सुभान थबकला. "दादा, मागून कुणी येत नाही ना?"

जिवाजीने वळून पाहिले. नदीकाठी माणसे अजून उभीच होती. काहींच्या हातांत कुऱ्हाडीही दिसत होत्या.

"येऊ शकतात."

"आणि वर? आपली माणसं?"

"त्यांचंही काही सांगता येत नाही."

"मग रे?"

"मग काय," जिवाजी म्हणाला, "चल." त्याने भावाचा हात धरला आणि दोघे पुन्हा चढू लागले.