लाल वारा

डोंगरावर पवनचक्की बसवायची होती आणि चेअरमन हंबीररावांचा एकच हट्ट, ती डोंगरामागं आपल्या मेव्हण्याच्या रानातच बसवायची.

इंजिनियर तनुजा म्हणाली, "तात्या, तिथं नको. डोंगर ओलांडला की वारा गरगर फिरतो, पाती मोडतील." पाती मोडली की खापर आपल्याच डोक्यावर फुटणार, हे ती ओळखून होती. तिनं कॉम्प्युटरवर वाऱ्याचं चित्र दाखवलं. सगळे लाल-लाल भोवरे!

हंबीरराव पोट धरून हसले. "वाऱ्याला कधी रंग असतोय का गं पोरी? खरा लाल वारा दाखव, मग तू म्हणशील तिथं चक्की!"

"दाखवते की!" भूमिपूजनाचं ताट तयारच होतं. "मेव्हण्यांच्या रानात डोंगराकडं पाठ करा आणि हा गुलाल पुढं उधळा."

"वारा डोंगरावरनं येतोय, म्हणजे गुलाल पुढंच जाणार," म्हणत त्यांनी ओंजळभर उधळला. गुलाल वर उठला, गर्रकन माघारी फिरला आणि मिशा, कान, पांढरा झब्बा, सगळं रंगवून गेला.

शिंकत शिंकत हंबीरराव ओरडले, "कुठाय तुझा लाल वारा?"

"आत्ताच भेटून गेला की, तात्या. आरसा देऊ?"

चक्की डोंगरमाथ्यावर बसली. खोटं वाटत असेल तर हंबीररावांच्या बायकोला विचारा, ती अजून तो झब्बा घासतेय.