रानडुकराचा वास

डोंगराआडच्या एका संस्थानात सरकारांना आपल्या शिकारीचा फार अभिमान. एकदा त्यांनी दांडगं रानडुक्कर मारलं. पाहुण्यांपुढे ताटं आली, तर मटणाला उग्र वास! पाहुण्यांनी नाकं मुरडली आणि सरकारांनी स्वयंपाकी येसाजीला कोठडीत घातलं.

येसाजीची बायको सगुणा. तिचे सोमवार पुरे झाले होते, पण उद्यापनाला जोडीनं बसायचं, आणि धनी तर कोठडीत. देवापुढे दिवा लावताना तिचे डोळे दाराकडेच वळत. शेवटी ती वाड्यावर गेली. पाहुणे अजून मुक्कामाला होतेच.

“सरकार, धन्याला सोडा.”

“कशाला? त्यानं चारचौघांत माझी लाज घालवली!”

“राखली, सरकार! माजावरच्या रानडुकरालाच असा वास येतो. धन्यानं तो मसाल्यात मारून टाकला असता, तर पाहुणे म्हणाले असते, घरचं कोकरू कापलं आणि शिकारीच्या बाता मारतात.”

सरकारांनी पाहुण्यांकडे बघत मिशीला पीळ दिला. “ऐकलंत? सोडा रे त्याला!”

येसाजी बाहेर आला. सगुणानं त्याला डोळे भरून पाहिलं.

“चला घरी,” ती हळूच म्हणाली, “देव खोळंबलेत.”